काडी, उशी आणि गाडी

सोमवार, ९ जानेवारी

गाडी आज पुन्हा बंद पडली. चढावर नाही, गर्दीत नाही, चांगल्या सरळ रस्त्यावर. मागे थंड डब्यात पाच घरांतलं रक्त आणि पुढे मी, किक मारतेय. एक माणूस थांबला, म्हणाला, पेट्रोल आहे का बघा. पेट्रोल होतं. दुसरा म्हणाला, चोक ओढलेला राहिला असेल. चोक बंद होता. तिसरा काहीच म्हणाला नाही, नुसता उभा राहून बघत होता. सगळ्यात जास्त राग त्याचा आला. शेवटी दमून फुटपाथवर टेकले. थोड्या वेळाने उठून किक मारली तर पहिल्या किकेत चालू. जणू काही झालंच नव्हतं.

लॅबमध्ये पोचले तर मॅनेजर दारातच. म्हणाला, "ताई, माणसं रात्रभर उपाशी राहून रक्त देतात. ते आपण वाटेत वाया घालवायचं का?" बरोबर बोलला.

मला हा सकाळचा फेरा टिकवायलाच हवा. इतकी वर्षं मी लॅबच्या काउंटरवर दिवसभर रक्त काढायचे. गेल्या वर्षी ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हा मी हातापाया पडून घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं काम मागून घेतलं. पहाटे निघायचं, जेवायच्या आत घरी. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी ह्यांच्याजवळ बसतात. फेरा गेला तर पुन्हा काउंटर, पुन्हा दिवसभर. वहिनी दिवसभर कशा बसतील? त्यांना त्यांचं घर आहे.

गाडी ह्यांचीच. छोटी मोटरसायकल, म्हातारी झालीय. लग्न झाल्यावर मैदानात मला शिकवली होती ह्यांनी. "क्लच म्हणजे भांडण नाही, एकदम सोडायचा नसतो," म्हणून ओरडायचे.

घरी आले तेव्हा हे खिडकीशी खुर्चीत होते. खिडकीबाहेरच अंगणात गाडी लावते मी, तिथे शिरता शिरताच ती पुन्हा मेली. आत पाऊल टाकलं तर म्हणाले, "काडी."

ह्यांच्याकडे आता शब्द फार थोडे उरलेत. एक ते दहा आकडे नीट म्हणतात. "च्यायला" स्वच्छ येतं. बाकी कशालाही "हो". आणि मधूनच कुठला तरी एक शब्द, त्याला ना शेंडा ना बुडखा. आज काडी. "काडी. काडी नाही." डाव्या हाताचा अंगठा बोटावर घासून दाखवला, पेटवतात तसा. मी म्हटलं, वा! सिगारेट? डॉक्टरांनी काय सांगितलंय? चांगलंच झापलं. आगपेटी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"च्यायला," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले.


बुधवार, ११ जानेवारी

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला. गल्लीतून एक चक्कर मारून आला, म्हणाला, "लोण्यासारखी चालतेय." चालतेच. त्याच्या हातात चालते, माझ्या हातात नाही. डॉक्टरांच्या दारात गेल्यावर पोट दुखायचं थांबतं, तसं.

दुपारी लेकीचा फोन आला. मी भाजी चिरत होते म्हणून स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. तिच्या गावी एक शुश्रूषाकेंद्र आहे, तिथे ह्यांच्यासाठी तिने नाव घातलंय. आज म्हणाली, एक तारखेपासून जागा रिकामी होतेय, हो म्हणून कळवू का? मी म्हटलं, थांब जरा.

"कशासाठी थांबू, आई? तू पहाटे त्या खटाऱ्यावरून फिरतेस. एक दिवस कुठे आपटलीस तर दोघांचं कोण करणार? आणि बाबांना काय कळतंय आता? त्यांना इथे काय नि तिथे काय, सारखंच."

सुरी चालू ठेवली.

ती चुकीचं काय बोलली? मोठ्या हॉस्पिटलातल्या बाईंकडे नेलं होतं ह्यांना, बोलायला शिकवतात त्या. चित्रांची पानं दाखवून "हे काय, हे काय" विचारत होत्या. मांजर, छत्री, केळं. दुसऱ्याच खेपेला ह्यांनी पानं जमिनीवर भिरकावली. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, समज किती उरलीय ते असं नाही सांगता येणार, येत राहा. पण दोघा माणसांनी धरून टॅक्सीत बसवायचं, पुन्हा उतरवायचं, आणि पानं भिरकावायला? मी नाही नेलं परत.

फोन ठेवल्यावर ह्यांनाच विचारलं. "लेकीच्या गावाला जायचं का? मोठी बाग आहे म्हणे तिथे."

"हो," म्हणाले. "हो, हो, हो." हात हवेत फिरवत होते. उत्साह आला असावा. मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं.

रात्री जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. गॅस झाला असेल म्हणून गोळी दिली.


शुक्रवार, १३ जानेवारी

दोनदा बंद पडली. आता थोडं लक्षात येतंय. निघताना व्यवस्थित असते. चांगली तापली की जाते. थंड झाली की येते.

गॅरेजला कुलूप. त्याचा साडू आजारी आहे म्हणून गावाला गेलाय, कधी येईल कुणाला माहीत नाही. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. तो म्हणाला, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यापर्यंत मी काय पाखरू होऊन उडत जाऊ?

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक जण म्हणतो, तापून बंद पडते म्हणजे कॉइल. दुसरा म्हणतो, सीडीआय. हा सीडीआय म्हणजे एक छोटा काळा डबा, इंजिनात कधी ठिणगी टाकायची ते तो ठरवतो म्हणे. व्हिडिओ चालू होता तोवर सगळं कळत होतं. संपला तसं कळलेलंही संपलं. शिवाय तो डबा असतो कुठे? एकाने टाकीखालून काढला, दुसऱ्याने दिव्याच्या मागून, तिसऱ्याने कुठून काढला ते त्याच्या डोक्यामुळे दिसलंच नाही.

ह्यांचं आज नवीन सुरू झालं. मी आत येऊन पर्स टाकली, म्हटलं, "तापली की मरते मेली, काय करू!" तर म्हणाले, "गरम. काडी नाही." मग म्हणाले, "उशी."

उशी आणून पाठीशी दिली. ती त्यांनी काढून टाकली. "उशी. खाली." मी पलंगावर उशीखाली बघितलं. त्यांचा रुमाल होता, तो आणून दिला. रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे गणिताचे मास्तर असेच बघायचे माझ्याकडे.

"उशीखाली," परत म्हणाले. इतका स्पष्ट जोडशब्द कितीतरी महिन्यांत आला नव्हता. पण त्याचा अर्थ? डोक्यात सगळं सरमिसळ झालंय बिचाऱ्यांच्या. काडी, उशी, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? मी लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली.


शनिवार, १४ जानेवारी

सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई.

"सीडीआय द्या."

"चार पिनांचा की पाच?"

"माहीत नाही."

"मग जुना काढून आणा, त्याला जोडून बघू."

"तो असतो कुठे?"

"तुमच्या गाडीत." मग तिलाच हसू आलं. म्हणाली, "खरंच सांगते, प्रत्येक कंपनी वेगळीकडे लपवते. आणि आधी खात्री करा हं, तोच गेलाय का. बसवून बघितलेला माल आम्ही परत घेत नाही."

म्हणजे कुठला भाग गेलाय ते माहीत नाही. गेलेला भाग कुठे असतो ते माहीत नाही. सापडला तर तो गेलाय की नाही ते कळणार नाही. चहा प्यायले आणि घरी आले.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. येताना वाटलं, गाडी एकदाची कायमची बसावी. फेरा जाईल, काउंटर येईल, हे केंद्रात जातील, आणि कुणीच म्हणणार नाही की मी पाठवलं. गाडीनेच पाठवलं म्हणतील. हे वाटलं आणि लगेच घाबरले. पण वाटलं ते वाटलंच.


रविवार, १५ जानेवारी

बोटांचं ग्रीस अजून गेलेलं नाही, पण आजच लिहिते.

सकाळी ह्यांची हत्यारांची पेटी काढली आणि अंगणात बसले. दोन्ही बाजूंची झाकणं काढली. एका बाजूला बॅटरीची कड, दुसऱ्या बाजूला वायरींचा गुंता, डबा कुठे दिसेना. पुढचा दिवा उघडला. आत इतक्या रंगांच्या वायरी की बघूनच बंद केला. मग ठरवलं, टाकी काढायची. वहिनी माझ्याजवळ स्टुलावर बसून धीर देत होत्या. त्यांच्या धीर देण्याची तऱ्हा अशी, "आमच्या दिरांनी अशीच एकदा गाडी खोलली होती, ती शेवटी भंगारात दिली."

टाकीच्या बोल्टला पाना लावला आणि खिडकीच्या गजांवर चमचा आपटायला लागला. ठण ठण ठण. हे. डाव्या हातात चमचा.

"भूक लागली असेल," वहिनी म्हणाल्या. बिस्किटं नेऊन दिली. बिस्किटं खिडकीतून अंगणात आली. ठण ठण ठण. पाणी दिलं. पाणीही नको. मी टाकीला हात लावला की ठणठणाट, हात काढला की शांत. वहिनींच्या ते आधी लक्षात आलं. म्हणाल्या, "अहो, तुम्ही टाकीला हात लावलेला त्यांना चालत नाहीये."

मला चीड आली. म्हटलं, एवढं आहे तर या बाहेर, तुम्हीच करा. दोघींनी मिळून खुर्ची उंबऱ्यावरून उचलली आणि त्यांना गाडीशेजारी आणून बसवलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते गाडीच्या इतक्या जवळ आले. थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग डावा हात उचलून सीटवर थापटी मारली.

"उशी."

पुन्हा थापटी. "उशी! खाली!"

मी पाना हातात धरून उभी. वहिनी म्हणाल्या, "सीट म्हणतायत की काय?"

सीट. उशी म्हणजे सीट. उशीखाली म्हणजे सीटखाली.

सीट निघता निघेना. नट गंजलेले. मी जोर लावतेय तर हे डावा हात हवेत धरून मनगट फिरवायला लागले, असं नाही, असं. मी नेमका उलट आवळत होते. त्यांच्या मनगटासारखं फिरवलं आणि नट करकरत सुटला. सीट उचलली. बॅटरीच्या मागे रबराच्या खोळीत एक काळा डबा, काडेपेटीहून थोडा मोठा.

मी तो बोटाने दाखवून विचारलं, "हाच का?"

"हो." पण हो तर ते कशालाही म्हणतात. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. त्यांनी डब्यावर बोट ठेवलं, तिथून वायरीवरून हवेतल्या हवेत बोट नेत इंजिनाच्या प्लगपर्यंत आणलं आणि अंगठा घासला. "काडी," म्हणाले. "गरम. काडी नाही."

ठिणगी. काडी म्हणजे ठिणगी. गाडी तापली की ठिणगी पडत नाही. सोमवारपासून हेच सांगत होते. आणि मी आगपेटी फळीवर ठेवली.

"च्यायला," मी म्हणाले.

"च्यायला," हे म्हणाले आणि हसले. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले. वहिनी डोळे पुसत आत गेल्या, चहा टाकते म्हणून.


मंगळवार, १७ जानेवारी

काल डबा पर्समध्ये आणि गाडी अंगणात, म्हणून फेरा रिक्षाने केला. उशीर झालाच. मॅनेजर म्हणाला, असंच चाललं तर एक तारखेपासून फेऱ्याला दुसरं कुणी बघावं लागेल. सगळ्यांचीच एक तारीख.

दुकानातल्या बाईने जुना डबा नुसता वरवर बघून नवा दिला. घरी येऊन लावायला गेले तर वायरीचा जोड बसेना. एक पीन जास्तीची. मी दाबून बसवायला निघाले, तर हे "नऊ, नऊ!" म्हणून ओरडले. आता नऊ म्हणजे काय? पण ओरडण्याचा अर्थ कळला. आज परत दुकानात. बाई चाचरली, म्हणाली, माझीच चूक, दोन्ही डबे बाहेरून जुळे भाऊ आहेत. आतल्या फळीवरून दुसरा शोधून आणला.

दुपारी बसवला. हे शेजारी खुर्चीत, मांडीवर फडकं. मी नट लावते, ते मनगट फिरवतात. उजवीकडे फिरवलं की आवळ. डावीकडे की सैल कर. एकदा जास्त आवळला तर डावीकडे केसभर फिरवलं. तेवढंच सैल केलं. बोलायची गरजच पडली नाही. लग्नानंतर इतकी वर्षं आम्ही बोललो, पण वाद न होता एक काम पुरं केल्याचं आठवत नाही.

सीट बसवली. किक मारली. काही नाही. आणखी मारली, काही नाही. मला रडूच यायला लागलं. आठवडाभर नाकी नऊ आले ते कॉइलला सोडून डब्यामागे लागण्यात? वहिनी म्हणाल्या, "आमच्या दिरांची पण..." तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला. हातात किल्ली. मीच त्यांच्या मांडीवर ठेवली होती.

किल्ली लावली, किक मारली, गाडी चालू.

गल्लीतून फेऱ्या मारत राहिले, इंजिनावर हात ठेववेना इतकी तापेपर्यंत. प्रत्येक फेरीला दारात हे दिसत. नाही पडली बंद. शेवटी मीच बंद केली.


बुधवार, १८ जानेवारी

आज फेरा वेळेत झाला. आनंद व्हायला हवा. काल झोपेपर्यंत होताही.

आज दुपारी भांडी विसळत होते. मनात त्याच त्या गोष्टी घोळत होत्या. ठिणगीची काडी झाली, सीटची उशी झाली. म्हणजे शब्द चुकतो, पण आतली वस्तू बरोबर असते. गाडी बाहेर बंद पडते ते ऐकून ह्यांनी आतून रोग ओळखला. मी "तापली की मरते" म्हटलेलं ऐकून त्याला "गरम" जोडलं. म्हणजे मी बोलते ते कळतं. सगळं कळतं.

हातातली ताटली तशीच राहिली. गेल्या बुधवारी फोन टेबलावर होता. स्पीकर चालू होता. हे समोर बसले होते.

बाबांना काय कळतंय. इथे काय नि तिथे काय.

आणि तोच एक फोन नाही. वर्षभर आम्ही ह्यांच्या डोक्यावरून बोलतोय. मी वहिनींना काय काय सांगितलंय ह्यांच्यासमोर! ह्यांच्या लघवीचं, ह्यांच्या रडण्याचं. एकदा मी असंही म्हणाले होते की झटका आला त्या रात्रीच हे सुटले असते तर. ते माझ्या पाठीमागेच बसले होते.

नळ वाहत होता, तो बंद केला. खोलीत गेले, समोर बसले. विचारलं, "त्या दिवशीचं फोनवरचं तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

हा कुठला हो? म्हटलं, "मी तुमची बायको आहे?" "हो." "मी तुमची आजी आहे?" "हो." आणि स्वतःच वैतागून "च्यायला" म्हणाले. तोंडातून दुसरं निघतच नाही. मला हसावं की रडावं कळेना.

मग त्यांचा हात बघितला. "आजी" विचारलं तेव्हा मनगट डावीकडे फिरलं होतं. मी परत विचारलं, "बायको?" उजवीकडे. "आजी?" डावीकडे. आवळ. सैल.

मग बुधवारचं आठवलं. "हो, हो, हो" म्हणताना हात हवेत फिरवत होते, त्याला मी उत्साह म्हटलं होतं. कुठल्या बाजूला फिरत होता? कितीही आठवून बघितलं तरी आठवत नाही. बघितलाच नव्हता नीट.

"केंद्रात जायचंय?"

डावीकडे. परत डावीकडे. नट पार निघून खाली पडेल इतकं डावीकडे.


रविवार, २२ जानेवारी

लेक आली. एकटीच, जावयांना सुट्टी नव्हती. केंद्राचे कागद घेऊनच आली होती. मी तिला आधी स्वयंपाकघरात नेऊन सांगावं म्हणत होते, मग वाटलं, परत त्यांना सोडून बोलायचं? समोरच सांगितलं.

तिला पटेना. "आई, तुला हवं ते तू बघतेयस. हात हलतोच त्यांचा."

"तूच विचार."

तिने कागद बाजूला ठेवले. मग खुर्चीसमोर जमिनीवर बसली, लहान असताना त्यांचे बूट काढायला बसायची तशी. म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला पत्र्याच्या डब्याच्या गाडीतून शाळेत नेत होते का?"

"हो," म्हणाले. मनगट डावीकडे.

"तुम्ही मला नेत होता?" उजवीकडे.

"मोटरसायकलवरून, टाकीवर बसवून?" उजवीकडे.

"बाबा, मी फोनवर बोलले ते..." तिला पुढे बोलता येईना. ह्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. आता हा हात ना डावीकडे गेला ना उजवीकडे. तसाच राहिला. तिने मान वर केली नाही.

नंतर चहा झाला. तिने कागद पर्समध्ये परत ठेवले. पण जाताना दारात मला म्हणाली, "त्यांना कळतं, हे कळलं. पण तू दमतेस हे खोटं झालं का?"

नाही झालं. मी तिला म्हटलं, नाव राहू दे यादीत. त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे परत नेऊ, टॅक्सीला तू महिन्यातून एकदा येशील का धरायला? म्हणाली, येईन. मिठी मारताना तिच्या खांद्याची हाडं लागली. तीही दमलीय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ती गेल्यावर मी ह्यांना विचारलं. आता काही झाकून ठेवायचं नाही म्हणून सरळ विचारलं, "मी फारच दमले, उभीच राहू शकले नाही, तर? तर जाल?"

मनगट हललं नाही. माझ्याकडे बघत राहिले. उत्तर देत नव्हते की विचार करत होते, समजलं नाही. मी परत विचारलं नाही.


शुक्रवार, २७ जानेवारी

गाडी ठीक. मॅनेजर आज काही बोलला नाही, म्हणजे खूश असावा. गॅरेजवाला परत आलाय. सीट उचलून बघितली, "हे कुणी बसवलं?" म्हणाला. म्हटलं, आम्ही दोघांनी. त्याने नट तपासला, आणखी आवळायला गेला. मी म्हटलं, नको, तेवढाच हवा.

दुपारी हे म्हणाले, "बादली."

मी बादली आणून दाखवली. मनगट डावीकडे. आंघोळ? डावीकडे. तहान? पंखा? खिडकी? लेकीला फोन? सगळं डावीकडे. गाडीचं काही? जरा थांबले, मग डावीकडे. मी खुर्ची ओढून समोर बसले. घाई कसली होती? फेरा झालेला, जेवणं झालेली.

"मला काही सांगायचंय?" उजवीकडे.

"माझ्याबद्दल?" उजवीकडे, जोरात.

"माझं काही चुकलं?" डावीकडे.

"मी काही करायला हवंय?" डावीकडे. मग माझ्या हातावर हात ठेवून, एकेक अक्षर सुटं करत, "बा-द-ली," म्हणाले आणि वाट बघत बसले.

आम्ही बसलो होतो तशातच वहिनी आल्या, त्यांना दिरांची नवीन काहीतरी गोष्ट सांगायची होती. मग चहा, मग दिवेलागण. आता ते झोपलेत.

माझ्याबद्दल आहे, माझं काही चुकलेलं नाही, मी काही करायचंही नाही, आणि त्याला बादली म्हणतात. आज एवढंच कळलं.